भिंत मागे का घ्यायची?

प्रश्न : साखर पेठेत आमचे वडिलोपार्जित घर आहे. शेजाऱ्यांनी नवे बांधकाम करताना भिंत चार फूट मागे घेतली. आता त्यांच्याच दारापुढे गल्ली रुंद आहे आणि तेथे दोन मोटारसायकली उभ्या असतात. आम्हालाही तेवढेच मागे सरावे लागेल, असे इंजिनिअर सांगतात. उलट हद्दवाढ भागातील मुलीच्या प्लॉटपुढचा चांगला रुंद रस्ता शेवटी कुंपणाला अडतो. हे कसले नियोजन?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या गल्लीला रस्त्याची नियमित रेषा, म्हणजे रस्त्याची कडा कुठवर असावी हे ठरवणारी रेषा, लागू असावी. ती आखण्याचा अधिकार महापालिकेला १९४९च्या महानगरपालिका अधिनियमातील कलम २१० देते. रेषा कागदावर उभ्या घरांमधून जाते. मात्र ती जमिनीवर उतरते ती बहुधा एखादे घर पाडून नव्याने बांधायला काढल्यावरच. म्हणूनच पेठेतली गल्ली रुंद व्हायला दोन-दोन पिढ्या जातात आणि तोवर ती करवतीच्या दात्यांसारखी दिसते. शेजाऱ्यांच्या दारापुढची मोटारसायकलींची जागा हा त्यातलाच एक दाता. सोडलेली जागा फुकट द्यायची नसते. मोबदला रोख मिळणार की वाढीव चटई क्षेत्राच्या (म्हणजे जास्त बांधकामाच्या परवानगीच्या) रूपाने, हे परवानगीच्या अर्जाबरोबरच लेखी विचारावे.

मुलीच्या प्लॉटची गोष्ट नेमकी उलटी आहे. १९९२च्या हद्दवाढीत शेळगी, बाळे, मजरेवाडी यांसारखी गावे शहरात आली. अशा भागांत अनेक ठिकाणी आराखड्यातले रस्ते होण्याआधीच शेते गुंठ्यागुंठ्याने विकली गेली, ज्याने त्याने रस्ता आपल्या बांधापर्यंतच सोडला आणि बांध हीच कॉलनीची हद्द झाली. नगररचना योजनेत सर्वांच्या जमिनी एकत्र धरून, आधी रस्ते काढून, उरलेल्या जागेचे नीट आकाराचे अंतिम भूखंड मालकांना परत दिले जातात. ही तरतूद आपल्याकडे १९१५च्या कायद्यापासून आहे. ते काम वेळेवर झाले असते तर कुंपण आड आले नसते. २००१च्या गुंठेवारी कायद्याने प्लॉट नियमित होऊ शकतो, पण शेजारच्या मालकाच्या जमिनीतून रस्ता निघत नाही. पेठेची चूक हळूहळू सुधारते. हद्दवाढ भागातली ही चूक सुधारणे फार महाग पडते, असे माझे मत आहे.

आपण सध्या मिळकत पत्रिका आणि नगररचना विभागाकडून रेषा दाखवलेला भाग नकाशा घ्यावा. रेषा दोन्ही बाजूंना सारखीच सरकवलेली असते असे नाही, त्यामुळे शेजाऱ्यांचे चार फूट हे आपलेही माप आहे, असे गृहीत धरू नये.