सोलर एवढं स्वस्त, मग कोळसा का सुटत नाही?

प्रश्न: सोलर वीज कोळशापेक्षा स्वस्त झाली असं जिथे तिथे वाचतो, मग जग अजून कोळसा का जाळतंय? की सगळा सबसिडीचा खेळ आहे?

उत्तर: सबसिडी होती, नाही कशाला म्हणू. जर्मनीने २००० साली कायदाच केला की सोलर विजेला २० वर्षं ठरलेला भाव मिळणार, त्यामुळे मागणी वाढली, मग चीनने धडाधड कारखाने टाकले आणि २०१० ते २०२० मध्ये मोठ्या सोलर प्रकल्पांच्या विजेचा खर्च साधारण ८५ टक्क्यांनी उतरला. आता बऱ्याच ठिकाणी नवा प्रकल्प टाकायचा तर सोलरच परवडतं.

पण खरी गोम व्याजात आहे, आणि यावर कुणी फारसं बोलत नाही. कोळशाच्या प्लांटचा बराचसा खर्च इंधनाचा, तो वीज विकत विकत भागवता येतो. सोलरला इंधनच नाही, म्हणजे जवळपास सगळा पैसा पहिल्याच दिवशी ओतायचा, तोही बहुतेक कर्जाने. आता २५ वर्षांचं कर्ज धरा, ४ टक्के व्याज असेल तर दर १०० मागे वर्षाला साधारण ६.४ भरायचे आणि १२ टक्के असेल तर पावणेतेरा, म्हणजे पॅनल तेच, ऊन तेच, हप्ता मात्र डबल! आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), ऊन जास्त असलेल्या कितीतरी गरीब देशांनाच कर्ज महाग मिळतं. २०२३ च्या दुबईतल्या जागतिक हवामान परिषदेत २०३० पर्यंत जगाची अक्षय ऊर्जा क्षमता तिप्पट करायचं ठरलं, छानच, पण मला विचाराल तर टार्गेटइतकंच भांडण व्याजदरावर व्हायला हवं.

रात्रीचं काय, हाही प्रश्न असतोच. बॅटऱ्या २०१० पासून जवळपास ९० टक्के स्वस्त झाल्यात, त्यामुळे संध्याकाळचे काही तास निघतात, पण आठवडाभर ढग राहिले तर अजून दुसरी सोय लागतेच.

प्रश्न: ज्या देशाला हवामानाचं पडलेलंच नाही त्याने कशाला बदलावं?

उत्तर: माल विकायचाय म्हणून! युरोपियन युनियनने २०२६ पासून बाहेरून येणाऱ्या स्टील, सिमेंट, अॅल्युमिनियम, खतं अशा मालावर कार्बनचं शुल्क लावलंय, माल बनवताना जितका जास्त धूर तितकं शुल्क जास्त. यात गरीब देशांवर अन्याय होतो ही तक्रार मला तरी खोटी वाटत नाही, पण निर्यात करणारे कारखानदार मात्र आत्ताच धुराचा हिशोब ठेवायला लागलेत.