सोसायटीचा फॉर्म बी (आगविरोधी यंत्रणा चालू असल्याचा महाराष्ट्रातला सहामाही दाखला) वेळेवर भरला जातो, तरी जिन्याचे फायर डोअर आणि डक्ट (केबल-पाइप वर नेणारी उभी पोकळी) वेगळे तपासायला हवेत का?

हवेतच. जानेवारी-जुलैच्या फॉर्म बीसाठी पंप चालवून बघतात, हायड्रंटला पाणी येतं का बघतात. डक्टचं कुलूप उघडून स्लॅबवर टॉर्च मारणारा क्वचितच भेटतो.

‘हवा खेळावी म्हणून जिन्याच्या दरवाजाला वीट लावली तर काय बिघडतं?’ असंही तुम्ही विचारलंय. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये 9 जानेवारी 2022 ला 19 मजली इमारतीत रूम हीटरमुळे आग लागली. ज्वाळा खालच्या मजल्यावरच्या त्या घरापुरत्या आणि बाहेरच्या पॅसेजपुरत्याच राहिल्या. तरी 17 माणसं गेली, त्यात 8 मुलं, सगळी धुराने. त्या घराचा दरवाजा आपोआप मिटायला हवा होता, तो मिटला नाही. वर जिन्याचा एक दरवाजाही उघडाच होता. तुमच्या जिन्यात प्रेशरायझेशनचा पंखा (धूर आत येऊ नये म्हणून जिन्यात हवेचा दाब वाढवणारा) असेल तर दरवाजे उघडे असताना तोही कुचकामी, कारण आतला 50 पास्कलचा दाब टिकतच नाही.

दरवाजा पूर्ण उघडून सोडा, मग वीतभर उघडून सोडा. दोन्ही वेळा तो स्वतःहून मिटून लॅच बसला पाहिजे. वीतभर उघडल्यावर अडला तर क्लोजरचा (दार आपोआप मिटवणाऱ्या यंत्राचा) लॅचिंग व्हॉल्व्ह, म्हणजे शेवटच्या टप्प्याचा वेग ठरवणारा स्क्रू, थोडा सैल करा. तेल गळत असेल तर क्लोजरच बदला. चौकटीलगतची फट साधारण 3 मिमी हवी. दाराच्या कडेच्या धूर अडवणाऱ्या सीलवर रंग मारला असेल तर ते कडक होऊन धूर अडवत नाही, नवं लावा. वरून ठोकलेली कडी काढून टाका.

आता डक्ट. इंटरनेटवाला स्लॅबला भोक पाडतो, केबल ओढतो आणि निघून जातो. मग कंत्राटदार तिथे गुलाबी फोम मारून ‘फायररेटेड आहे’ म्हणतो. मी हे कधीच मान्य करणार नाही. रंगाने काही सिद्ध होत नाही, आणि असे फोम बहुधा अरुंद सरळ सांध्यांसाठी तपासलेले असतात, केबलच्या जुडग्यासाठी नाही. तिथे मिनरल वूल घट्ट कोंबून वर इंट्युमेसंट (उष्णतेने फुगणारा) सीलंट हवा. केबल वारंवार बदलत असतील तर फायर पिलो (काढून परत लावता येणाऱ्या आगरोधक पिशव्या) लावा. पीव्हीसीच्या 110 मिमी पाइपला नुसता सीलंट पुरत नाही: पाइप वितळतो आणि तेवढंच भोक मोकळं होतं. त्याला कॉलर लागते, म्हणजे उष्णतेने फुगून ते भोक बंद करणारं कडं. स्लॅबला ती खालच्या बाजूने, भिंतीला दोन्ही बाजूंनी, आणि अँकरने ठोकलेली; नुसती चिकटवलेली नको.

फट, सीलंटची जाडी आणि वुलची खोली मात्र शेवटी त्या उत्पादनाच्या टेस्ट रिपोर्टप्रमाणेच धरायची. रिपोर्ट मागा, त्यात तुमच्यासारखीच केबल, पाइप आणि स्लॅबची जाडी आहे का ते बघा.

आणि डक्टची किल्ली वॉचमनकडे ठेवू नका. केबलवाल्याकडून आधी डिपॉझिट घ्या, बुजवलेल्या भोकाचा फोटो आल्यावरच परत द्या. कमिटीतले ‘लोक नाराज होतात’ म्हणतील. होऊ देत.