आज्ञा पाळून नोकरी गेली, मग देवाने रक्षण कोणाचं केलं?

तुम्ही लिहिलंय की देवाच्या आज्ञा आपलं रक्षण करतात असं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लहानपणापासून ऐकत आलात. मग एक दिवस खोट्या बिलावर सही करायला तुम्ही नकार दिलात आणि नोकरी गेली. ज्याने सही केली तो अजून त्याच खुर्चीवर आहे. "मग रक्षण झालं कोणाचं?" हा तुमचा प्रश्न. आणि अगदी शेवटी एक ओळ आहे, की घरी अजून खरं कारण सांगितलेलं नाही. त्या ओळीकडे मी नंतर येतो.

आधी एक छोटासा नियम बघू. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातला, 22:8. नवं घर बांधशील तेव्हा छताला कठडा कर, म्हणजे तिथून कोणी पडलं तर रक्तपाताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. त्या काळी घरांची छतं सपाट असत आणि माणसांचा तिथे सतत वावर असे. राहाबने हेरांना लपवलं ते छतावर, येशूचा शिष्य पेत्र प्रार्थना करायला गेला तोही छतावर. आता विचार करा, कठडा कोणासाठी? घरमालकाला आपलं छत अंधारातसुद्धा ठाऊक असतं. पडतो तो पाहुणा, पडतं ते खेळणारं लेकरू. म्हणजे घरमालक आज्ञा पाळतो आणि जीव वाचतो दुसऱ्याचा.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती तेव्हा मी एका मित्राच्या कर्जाला जामीन राहिलो, बायकोला न विचारता. बायबलमधल्या नीतिसूत्रांत जामीन राहण्याबद्दल पुन्हा पुन्हा इशारा आहे, पण मैत्रीपुढे तो मला आठवला नाही. मित्राने हप्ते थांबवले आणि ते माझ्या पगारातून जाऊ लागले. तिला मी सांगितलं की पगार कापलाय, सगळ्यांचाच कापलाय. हे एक खोटं सांभाळायला दर महिन्याला नवं खोटं लागायचं. अकरा महिने मी हे केलं. तेवढ्या काळात ती स्वतःवरचा खर्च तोडत गेली. दाढ दुखत असताना दाताच्या डॉक्टरकडे जायचं तिने पुढे ढकललं, कारण तिला वाटत होतं की घरावर खरंच संकट आहे. शेवटी बँकेचं पत्र तिच्या हातात पडलं. कर्ज पुढे दोन वर्षांत फिटलं. पण त्यानंतर कितीतरी वर्षं मी साधं "उशीर होईल" म्हणालो तरी ती क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे बघायची. तो क्षणभर मला आजही आठवतो. खोटं बोललो मी, आणि छतावरून पडली ती.

दाविदाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण ती सुरू कुठे होते ते पुन्हा वाचा. 2 शमुवेल 11. संध्याकाळी राजा राजवाड्याच्या छतावर फिरत असतो. त्या छताला दगडी कठडा असेलच, पण दहाव्या आज्ञेचा कठडा त्याने त्या संध्याकाळी ओलांडला: शेजाऱ्याच्या बायकोचा लोभ धरू नको. त्याला दिसलेली बाई उरीया नावाच्या त्याच्याच सैनिकाची बायको होती. लोभातून व्यभिचार झाला, तो झाकायला कपट आलं, कपट फसलं तेव्हा खून. मरण कोणाला आलं बघा. उरीया मेला. त्याच्याबरोबर आणखी काही सैनिक मेले, ज्यांची नावंसुद्धा लिहिलेली नाहीत. नंतर त्या संबंधातून झालेलं लेकरू मेलं. दावीद जिवंत राहिला. त्याने मनापासून पश्चात्ताप केला आणि देवाने त्याला क्षमा केली, हे मी पूर्ण विश्वासाने मानतो; पण क्षमेने उरीया परत आला नाही. क्षमा करणारा देव आज्ञासुद्धा का देतो, असं कोणी विचारलं तर मी हाच अध्याय उघडतो.

याच घराण्यात तीन पिढ्या आधी उलटं घडलं होतं. कापणी करताना शेताचे कोपरे कापू नका, सरवा, म्हणजे मागे पडलेली कणसं, वेचू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या, असं लेवीय 19 मध्ये आहे. बवाज नावाचा शेतकरी हे पाळत होता. एक दिवस त्याच्या शेतात रूथ आली. परदेशी, मवाबी, विधवा, आणि घरी म्हातारी सासू उपाशी. बवाजाने ही आज्ञा पाळली नसती तर त्याचं काय बिघडलं असतं? उलट धान्य थोडं जास्तच मिळालं असतं. पण रूथसाठी ती आज्ञा म्हणजे त्या दिवसाची भाकर होती, आणि शेतात तिला कोणी हात लावू नये अशी बवाजाची ताकीदही तिच्यामागे उभी होती. याच दोघांचा पणतू दावीद. शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञाही अशीच आहे. अनुवाद 5 मध्ये कारण स्पष्ट दिलंय: तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखा विसावा मिळावा, कारण तूही मिसरात दास होतास.

आता तुमच्या सहीकडे येतो. त्या खोट्या बिलामागे कोणाचे तरी पैसे होते. कोण ते मला ठाऊक नाही, कदाचित तुम्हालाही नसेल. आणि सहीसाठी कागद पुढे करणाऱ्याने पुढच्या महिन्यात दुसरा कागद आणलाच असता. पहिल्या सहीची भीती दाखवून दुसरी घेतात, हे अकरा महिने खोटं बोललेला माणूस तुम्हाला सांगतोय. तुम्ही त्या जिन्याच्या पहिल्याच पायरीवर थांबलात. यात तुमचं रक्षण झालंय, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही, कारण जे घडलंच नाही ते दिसणार कसं?

पण एवढं सांगून मी हात झटकणार नाही. नोकरी गेली हे खरं दुःख आहे, आणि "आज्ञा पाळा, काही वाईट होणार नाही" असं कोणी शिकवत असेल तर ते पवित्र शास्त्रातलं नाही. मत्तय 7 मध्ये प्रभू येशू दोन घरांची गोष्ट सांगतो. पाऊस, पूर आणि वारा दोन्ही घरांवर येतात. खडकावरच्या घराला वादळातून सूट नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, त्यांच्याबद्दल तो म्हणाला की ती इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती. आणि योसेफाचं तर तुमच्यासारखंच झालं. त्याने आपल्या धन्याच्या, पोटीफराच्या, बायकोला नकार दिला आणि त्या नकाराबद्दलच तुरुंगात गेला.

सैतानालाही संरक्षणाची वचनं पाठ आहेत, हे लक्षात ठेवा. त्याने येशूला मंदिराच्या टोकावर उभं केलं आणि स्तोत्र 91 म्हणून दाखवलं: उडी टाक, देवदूत तुला झेलतील. येशूने अनुवादातल्याच वचनाने उत्तर दिलं, की देवाची परीक्षा पाहू नये. मी इतकं पाळलं, आता तू मला इतकं दे, असा हिशेब देवापुढे मांडणं हीसुद्धा तशीच उडी आहे. तुम्ही ती टाकली असं मी म्हणत नाही. तुमच्या प्रश्नात मला हिशेब कमी आणि दुखावलेपण जास्त दिसतं. दुखावलेपण देवापुढे तसंच्या तसं ठेवता येतं; कितीतरी स्तोत्रं तेच तर करतात.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण हे उत्तर दुसरं कोणीही वाचेल. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "सहन कर, आज्ञा पाळ, देव रक्षण करील" असं सांगताना मी माणसं ऐकली आहेत. ते चूक आहे आणि त्याचा मला राग येतो. कठडा पडणाऱ्याला वाचवायला असतो, ढकलणाऱ्याला टेकून उभं राहायला नाही. नियमशास्त्रात विधवा, अनाथ आणि परका यांचं नाव पुन्हा पुन्हा येतं ते याचसाठी. बाई, तिथून बाहेर पडा आणि मदत मागा.

आणि क्रम विसरू नका. निर्गम या पुस्तकात आधी मिसरातल्या दास्यातून सुटका आहे, मग दहा आज्ञा. समुद्र आधी दुभंगला, आज्ञा मिळाल्या तो सीनाय डोंगर नंतर आला. आज्ञा पाळून आपण देवाचे होत नाही; त्याने आपल्याला आधीच आपलं म्हटलंय, वधस्तंभाची किंमत देऊन. म्हणून नोकरी जाणं ही शिक्षा नाही आणि टिकली असती तर ते बक्षीसही नव्हतं.

उत्पत्ती 39 आज रात्री वाचा. परमेश्वर योसेफाबरोबर होता हे वाक्य त्यात पोटीफराच्या घरी असताना येतं आणि तुरुंगाचं दार बंद झाल्यावर पुन्हा येतं. तुरुंगात राजाच्या ज्या प्यालेबरदाराला त्याने मदत केली तो त्याला विसरला आणि त्यानंतर पूर्ण दोन वर्षं गेली, तरीही ते वाक्य देवाने मागे घेतलं नाही. तुमची वाट किती लांब असेल मला सांगता येत नाही. अर्ज करत राहा, आणि मंडळीतल्या दोन विश्वासू माणसांना कानावर घाला. नोकरीची खबर बऱ्याचदा अशीच येते.

आणि ती शेवटची ओळ. कार्यालयात खोटं नाकारून तुम्ही घरी आलात आणि घरात एक खोटं सुरू झालंय. कारण प्रेमाचं आहे, घरच्यांना काळजी नको म्हणून. माझंही तेच होतं. तुम्हाला अजून अकरा महिने झालेले नाहीत. आज जेवणं झाली की त्यांना जवळ बसवा आणि सही का केली नाही ते पहिल्यापासून सांगा.