चार फुटी टँक, दोन ऑस्कर आणि शिफ्टिंग: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्याकडे चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच माशांचा टँक आहे, त्यात दोन मोठे ऑस्कर मासे आणि खाली कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर). पुढच्या महिन्यात पुण्याहून नाशिकला शिफ्ट होतोय. पॅकर्सवाले म्हणतात थोडं पाणी ठेवा, खडी पण राहू द्या, आम्ही तसाच उचलतो. चालेल का? नवीन घर तिसऱ्या मजल्यावर आहे, तिथे वजनाचं काय?

उत्तर: नाही, अजिबात चालणार नाही, आणि हे त्यांना आधीच ठामपणे सांगून ठेवा कारण त्या दिवशी घाईत कोणी ऐकत नाही. तुमचा टँक म्हणजे साधारण 340 लिटर, म्हणजे नुसतं पाणीच 340 किलो. बारा एमएमची काच असेल तर काचेचे आणखी पाऊणशे-ऐंशी किलो, वर खडी. अगदी चार इंच पाणी ठेवलं तरी 55-57 लिटर होतं, आणि चार माणसं उचलतात तेव्हा कोणाचा ना कोणाचा हात खाली जातोच, मग सगळं पाणी एका कोपऱ्यात धावतं आणि तो सगळा ताण सिलिकॉनच्या जोडावर येतो. टँकचा तळ सपाट आधारावर पूर्ण टेकलेला असताना पाणी पेलायला बनवलेला असतो, हवेत लोंबकळताना नाही.

हे मी एकदा भोगलंय म्हणून एवढं जीव तोडून सांगतोय. खडी आणि थोडं पाणी ठेवून तीन फुटी टँक एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला घेतला होता, फक्त आठ-दहा फूट. तेव्हा काहीच दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी स्टँडच्या प्लायवर हात लावला तर ओल, आणि टॉर्च मारून बघितलं तर मागच्या कोपऱ्यात सिलिकॉनच्या आत केसाएवढी पांढरी रेघ, खालून वर चढत गेलेली. वरून नवीन सिलिकॉन फासून उपयोग नसतो, जुन्या सिलिकॉनला नवीन नीट धरत नाही, तो जोड ब्लेडने पूर्ण खरवडूनच परत भरावा लागतो.

तर क्रम असा ठेवा. शिफ्टिंगच्या एक-दोन दिवस आधी माशांचं खाणं बंद करा, मोठा मासा आहे, त्याला काही होत नाही, उलट प्रवासात पिशवीतलं पाणी घाण होत नाही. ऑस्कर एका पिशवीत एकच, डबल पिशवी, एक तृतीयांश पाणी आणि बाकी ऑक्सिजन, हे अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात भरून मिळतं, आणि पिशव्या थर्माकोलच्या बॉक्समध्ये. मग फिल्टर. पुणे-नाशिक म्हणजे सामान चढवणं-उतरवणं धरून सहा-आठ तास सहज जातात आणि तेवढा वेळ कॅनिस्टर बंद झाकणाने ठेवला तर आतला ऑक्सिजन संपून बॅक्टेरिया मरायला लागतात. स्पंज आणि सिरॅमिक रिंग काढून उघड्या बादलीत, टँकच्याच पाण्यात ओल्या ठेवा, बादली स्वतःच्या गाडीत घ्या, जमलं तर बॅटरीवरचा एअर पंप सोडा. बाकी सगळं सामान एक दिवस उशिरा आलं तरी चालेल, ही बादली नाही, कारण माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया पाण्यात फारसे नसतात, ते त्या रिंगांवरच असतात. खडी पूर्ण काढा. टँक रिकामा करून तळातून धरा, वरच्या काचेच्या पट्टीला धरून कधीच उचलू नका, टेम्पोत खाली फोम आणि टँक उभाच.

वजनाचं म्हणाल तर घरांचे स्लॅब साधारण चौरस मीटरला 200 किलो धरून डिझाइन करतात. तो हिशेब अख्ख्या खोलीवर पसरलेल्या भाराचा असतो, तुमचा टँक मात्र सगळं वजन छोट्याशा जागेवर टाकतो, म्हणून तो भिंतीला लागून, जिथे खाली बीम आहे तिथे ठेवा, खोलीच्या मधोमध किंवा बाहेर काढलेल्या गॅलरीत नको. सहा फुटी वगैरे घेणार असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, मी वरवर हो म्हणणार नाही. स्टँड लेव्हल बॉटलने चारी बाजूंनी तपासा, तळाला फ्रेम नसेल तर खाली थर्माकोलची शीट घाला, आणि मासे सोडायच्या आधी टँक काठोकाठ भरून निदान एक दिवस तसाच बघा. मासे तोपर्यंत एअर पंप लावलेल्या झाकणाच्या ड्रममध्ये राहतील, पण फिल्टर मीडियाही, म्हणजे तो स्पंज आणि त्या रिंगा, त्याच ड्रममध्ये ठेवा.

प्रश्न: फिल्टर घरघर करत होता म्हणून सगळा उघडून नळाखाली चकाचक धुतला. आवाज आहे तसाच, आणि दोन दिवसांत पाणी दुधाळ झालं, मासे वर येऊन तोंड उघडतायत. मासे आजारी पडले का?

उत्तर: मासे आजारी नाहीत, फिल्टर रिकामा झालाय. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने सगळे बॅक्टेरिया गेले आणि आता माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पाण्यात चढतोय. आत्ता खाणं बंद, एअर पंप फुल, आणि रोज पंचवीस-तीस टक्के पाणी बदला, पण क्लोरीन काढायचं औषध घालूनच. ओळखीच्या कोणाच्या जुन्या, निरोगी टँकमधला थोडा स्पंज मिळाला तर आणा, फार फरक पडतो. पुढच्या वेळी स्पंज टँकच्या पाण्यात, बादलीत पिळायचा, तोही सगळा एकाच वेळी नाही.

आणि आवाज मीडियाचा नसतोच, इम्पेलरचा असतो. मोटरवरचं छोटं झाकण फिरवून काढा, आतला चुंबकवाला पंखा बाहेर ओढा, त्याच्या सिरॅमिक दांडीला चिकट तपकिरी थर किंवा खडीचा कण अडकलेला दिसेल, जुन्या टूथब्रशने साफ करा. दांडी जपून, नखाएवढ्या धक्क्याने तुटते. साफ करूनही आवाज राहिला तर आत हवा अडकली असेल, चालू फिल्टर हलकेच तिरका करा, बुडबुडे निघून जातील.

प्रश्न: थंडीसाठी हीटर किती वॅटचा घ्यावा? लाइट वारंवार जाते, सगळं इन्व्हर्टरवर टाकू का?

उत्तर: ढोबळ हिशेब लिटरला एक वॅट. मोठ्या टँकला एक 300चा घेण्यापेक्षा 150चे दोन घ्या, एक बिघडून चालूच राहिला तरी टँक उकळत नाही. इन्व्हर्टरवर फिल्टर आणि एअर पंप टाका, त्यांना थोडेच वॅट लागतात, हीटर नको, तो बॅटरी खाऊन टाकतो आणि तेवढं पाणी तासाभरात काही गार पडत नाही. पाणी बदलायच्या पंधरा मिनिटं आधी हीटरचा प्लग काढा, गरम काच पाण्याबाहेर उघडी पडली की तडकते, आणि हात घालायच्या आधी तर काढाच. सगळ्या वायरींना प्लगच्या खाली झोळ द्या म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकेल.