आजींसाठी बायबल वाचू का?

प्रश्न : मावशी, मी 27 वर्षांची. आम्ही पद्मशाली, घरात बालाजीची भक्ती. शेजारच्या आजी ख्रिस्ती, 78 वर्षांच्या, निवृत्त नर्स. सातवीपासून दर नाताळात मी त्यांच्याकडे करंज्या करायला बसते. मी पाऱ्या लाटते, त्या कातणं फिरवतात. आता त्यांना नीट दिसत नाही. यंदा 24च्या रात्री ख्रिस्तजन्माचा भाग मी वाचून दाखवावा आणि 25ला उपासनेला सोबत यावं, असं त्या म्हणाल्या. ऐकून आई गप्पच झाली. माझी श्रद्धा वेगळी आहे. मग हे वाचणं म्हणजे आजींना फसवणं होईल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही गं. वाच तू. फक्त मनातलं हे आधी आजींच्या कानावर घाल.

मी इथल्याच ख्रिस्ती घरातली. आमच्या चाळीत समोर एक लिंगायत काकू होत्या. त्यांची नजर गेल्यावर दर सोमवारी शिवलीलामृताच्या पोथीचा अकरावा अध्याय मी वाचायचे. पहिल्या दिवशी घशाला कोरड पडली. म्हटलं, "काकू, मी येशूला मानते. मी वाचलेलं चालेल?" त्या म्हणाल्या, "श्रद्धा हाय की माझ्याकडं. मला डोळं पायजेत." घरी भीतभीत सांगितलं, तर वडिलांनी एवढंच विचारलं, "उच्चार नीट करतेस ना?" पुढे किती तरी वर्षं संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेतले नंदीध्वज, त्या उंच सजवलेल्या काठ्या, आले की काकूंचा हात धरून मी रस्त्याकडेला उभी असायचे. कुठवर आले, ते त्यांना सांगायचे.

तू बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढ, वचनं 1 ते 20. आधी एकदोनदा मोठ्यानं वाचून बघ. बाळंतं (बाळाला गुंडाळायचं फडकं), गव्हाण, उतारशाळा (वाटसरूंची मुक्कामाची जागा) असे जुने शब्द अडखळवतात. वेळ असेल तर पहिल्या अध्यायातली 39 ते 56 ही वचनंही वाच. कोवळी मरीया, येशूची होणारी आई, वय झालेल्या अलीशिबेकडे, तिच्या नातलगाकडे, जाते आणि सुमारे तीन महिने राहते. तेवढ्या दिवसांत दोघींनी मिळून काय काय रांधलं असेल, ते तिथं लिहिलेलं नाही. मला मात्र तो भाग वाचताना नेहमी चुलीजवळ बसलेल्या दोन बायका दिसतात.

चर्चमध्ये गीतांना सगळ्यांबरोबर उभी राहा, प्रार्थनेला शांत बस. प्रभुभोजन असेल तर भाकर आणि प्याला बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो. तू जागेवर बसून राहा, कुणी वावगं मानणार नाही.

आईवर रागावू नकोस. पोर दुरावेल, ही भीती कुठल्याही आईला वाटते. यंदा करंज्यांच्या दिवशी तिलाही घेऊन जा, सारण तिला भरू दे.

आजींच्या बायबलात खुणेची फीत असेल. वाचून झालं की ती त्याच पानात ठेव. दुसऱ्या दिवशी त्या बोटांनी चाचपून ते पान उघडतील.