हॅलोजनच्या होल्डरमागची वायर तापते, टेप गुंडाळली तर चालेल का?

नाही, चालणार नाही. गाडीच्या हेडलाइटमध्ये ६०/५५ वॅटच्या (अप्पर/डिप्पर) जागी १००/९० चा एच-४, म्हणजे अप्पर-डिप्पर एकाच बल्बमध्ये असलेला, हॅलोजन बल्ब टाकलाय, होल्डरमागची वायर तापते, पण फ्यूज उडत नाही म्हणून टेपवर भागेल असं मेकॅनिक म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. ते फ्यूजचं वाचलं आणि लिहायला बसले. माझा थोरला भाऊ अगदी हेच म्हणायचा, "फ्यूज शाबूत आहे ना? मग घाबरतेस कशाला?"

आमच्या गाडीला दादानेच १०० वॅटचे बल्ब लावले होते, मूळच्याच वायरिंगवर. सुरुवातीला उजेड झकास. मग डावा दिवा पिवळट पडायला लागला, बॉनेट उघडलं की करपल्याचा वास. वायर मऊ झालेली दिसली तेव्हा त्याने काळ्या टेपचे चार वेढे दिले. पुढे एका रात्री ऐन वळणावर तो दिवा गेलाच. सकाळी होल्डर उपसायला गेले तर निघेना. पक्कडीने ओढला, तर सामाईक पिनेभोवतीचं प्लास्टिक वितळून पिनेलाच चिकटलेलं. अप्पर असो की डिप्पर, त्या पिनेला सुट्टी नसते, म्हणून तीच आधी जळते. टर्मिनल निळंजांभळं, आतलं तांबं काळं, टेपचा डिंक ओघळून वायरभर पसरलेला. खालचं इन्सुलेशन जरा वाकवलं की कटकन तुटत होतं. फ्यूज मात्र ठणठणीत.

तो उडणार तरी कसा? फ्यूजला फक्त करंट कळतो. १२ व्होल्टवर ६० वॅटला ५ अँपिअर लागतात, १०० वॅटला ८.३. आमचा फ्यूज १५ चा. पण वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच वायरीत पावणेतीन पट. टर्मिनल सैल होऊन ०.१ ओहमचा अडथळा आला, तरी तेवढ्याशा जागेत जवळपास ७ वॅट उष्णता. आणि अडथळा वाढला की करंट उलट कमीच होतो. दादा म्हणाला, बल्बच डुप्लिकेट निघाला. तोच बल्ब मी उजव्या बाजूला लावून त्याच्यासमोर पेटवून दाखवला. तरी त्याने मान्य केलं नाही.

तुम्ही जळका भाग लखलखीत तांबं दिसेपर्यंत कापून टाका. सिरॅमिकचा होल्डर बसवा, बॅटरीवरून रिले (स्विचच्या थोड्याशा करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा भाग) आणि वेगळ्या फ्यूजसह जाड वायर घ्या, होल्डरजवळ काचतंतूची स्लीव्ह चढवा. पीव्हीसीची टेप साधारण ८० अंशांपर्यंतच टिकते. माझं विचाराल तर ६०/५५ च परत लावा. एच-४ चं मानक तेच आहे, आणि रिलेमुळे पूर्ण व्होल्टेज मिळालं की त्याच बल्बचा उजेड बघा.

हां, एक राहिलं. हॅलोजनची काच आतून २५० अंशांच्या वर तापल्याशिवाय तो बल्ब नीट चालतच नाही, त्यामुळे खुद्द होल्डर गरम लागला तर लगेच घाबरू नका. वीतभर मागे वायर तापत असेल तर मात्र दोष नक्की. आणि गार राहावं म्हणून मागची रबरी टोपी काढून ठेवू नका. दादाने तेही केलं होतं. पावसाचं पाणी आत गेलं आणि रिफ्लेक्टरची चकाकीच गेली.