मोतीबिंदू समजून थांबू नका: मॅक्युलाच्या झिजेविषयी वाचकांचे प्रश्न

मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग. वयामुळे होणाऱ्या त्याच्या झिजेवर पत्रं येतच असतात आणि घोळ बहुतेकांचा एकच असतो: मोतीबिंदू समजून थांबण्याचा. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

टीव्ही पाहून, वाचून हा आजार वाढतो का?

नाही. सिगारेटने वाढतो, ती आजच सोडा.

वडील शहात्तर वर्षांचे आहेत. तीन आठवडे झाले, दाराची चौकट मध्येच वाकलेली दिसते म्हणतात. ओळखीचे सांगतात, मोतीबिंदू आहे, पिकू द्या. थांबावं का?

अजिबात नाही. उद्याच रेटिनातज्ज्ञांकडे न्या. मोतीबिंदूत सगळं धूसर होतं, सरळ रेघ वाकत नाही. रेघ वाकते तेव्हा पडद्याच्या मध्यभागी, मॅक्युलाखाली, कच्च्या रक्तवाहिन्या उगवून त्यांतून पाणी किंवा रक्त झिरपत असण्याची दाट शक्यता असते. हा ओला प्रकार. कोरड्या प्रकारात असं झिरपत नाही, मॅक्युला हळूहळू झिजतो. पाणी आहे तोवर औषधाला वाव असतो. तिथे व्रण धरला की गेलेली नजर कुठलंच इंजेक्शन परत आणत नाही, आणि हे काही आठवड्यांतही घडू शकतं. ‘पिकू द्या’ हा सल्ला तर आता मोतीबिंदूलाही लागू नाही. तरी तो ऐकून लोक थांबतात, आणि आमच्यापर्यंत येतात तेव्हा मॅक्युलावर व्रण झालेला असतो. याचा मला मनापासून त्रास होतो.

उशिराचं आणखी एक कारण आहे. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो. म्हणून वाचायचा चष्मा लावून, एक डोळा तळहाताने झाकून, चौकटींच्या कागदावरच्या मधल्या ठिपक्याकडे पाहा. रेघा वाकतात का, मधलाच भाग पुसट होतो का? मग दुसरा डोळा. साठीनंतर ही सवय हवीच.

निदानासाठी बाहुली मोठी करून तपासणी आणि ओसीटी स्कॅन लागतो. त्यात सुई नसते. पडद्याचे थर काही मिनिटांत दिसतात. गरज पडल्यास हाताच्या शिरेतून पिवळा रंग देऊन अँजिओग्राफी करतात. नंतर लघवी गडद पिवळी होते, घाबरू नका. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे.

ओल्या प्रकारासाठी डोळ्यात तीन इंजेक्शनं झाली, छान दिसतंय. आता बंद करू?

नाही. ही औषधं रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाला अडवतात, पण त्यांचा असर ओसरतो. सुरुवातीला साधारण महिन्याने एक, मग स्कॅन पाहून अंतर वाढवत नेतात. ते किती वाढवायचं, हे तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. इंजेक्शननंतरच्या दिवसांत डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर घसरली, तर त्याच दिवशी जा. पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

‘नजर वाढवणाऱ्या’ गोळ्या घ्याव्यात का?

नजर वाढवणारी गोळी नाही, ती जाहिरात आहे. २०१३ मध्ये निष्कर्ष आलेल्या एरेड्स-२ अभ्यासातल्या मिश्रणात ल्युटीन १० मिलिग्रॅम, झियाझँथिन २ मिलिग्रॅम, क आणि ई जीवनसत्त्व, जस्त आणि तांबं असतं. मध्यम टप्प्यात, किंवा एकाच डोळ्यात आजार पुढे गेला असेल तर, दुसरा डोळा त्या टप्प्यावर जाण्याची शक्यता ते कमी करतं. निरोगी डोळ्यांना त्याचा उपयोग दिसलेला नाही. बीटा-कॅरोटिन असलेली बाटली धूम्रपान करणाऱ्यांनी, पूर्वी केलेल्यांनीही, टाळावी. फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मात्रा डॉक्टरांना विचारून घ्या.

आईचा कोरडा प्रकार खूप पुढे गेलाय. एक क्लिनिक स्टेम सेलने नजर परत आणतो म्हणतं.

पैसे भरू नका. अमेरिकेत अशाच एका क्लिनिकमध्ये चरबीतल्या पेशी डोळ्यांत टोचल्यावर तीन महिलांची दृष्टी गेली. २०१७ मध्ये त्याचा वैद्यकीय अहवाल छापून आला. कोरड्या प्रकाराची झीज मंदावणारी दोन इंजेक्शनं २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, पण गेलेली नजर तीही आणत नाहीत. आईंना ती योग्य आहेत का, हे रेटिनातज्ज्ञ सांगतील. कडेची नजर सहसा शाबूत राहते, म्हणून कमी दिसणाऱ्यांसाठीच्या लो व्हिजन विभागात भिंगं आणि योग्य उजेडाबद्दल आवर्जून विचारा.

आईला भिंतीवर नक्षी, लहान मुलं दिसतात. वेड लागलंय का?

बहुधा नाही. मधली नजर गेल्यावर मेंदू अशी चित्रं दाखवतो. याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. पण आवाजही येत असतील किंवा ती चित्रं तिला खरी वाटत असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.